पाडून दावतात काय

गोवावेसच्या झेरॉक्सवाल्यानं
तिन्ही माहितीपत्रकं एकाच पिनेत टोचून दिली.
वेगळी करताना पुण्याच्या पानाला भोक पडलं,
बंगळूरच्या पानाला भोक पडलं,
तिसऱ्याला तर ते आधीपासूनच होतं.

पुणं : तीन आठवडे, पंचेचाळीस हजार.
फोटोत काचेची भिंत, आणि पांढरे बूट घातलेली मुलं
थर्माकोलच्या शहरावर ओणवी.
आपल्या भाषेत शिकशील, काकू म्हणते.
अर्जात माझ्यासाठी "परराज्य" असा चौकोन आहे,
त्यात खूण करायची.

बंगळूर : दोन आठवडे, सगळं कॉम्प्युटरवर.
माऊस फिरवला की घर फिरतं,
छप्पर बोटानं उचलून बाजूला ठेवता येतं.
अर्जात मातृभाषेचा रकाना.
लिहिताना पेन जरा जास्तच दाबलं गेलं,
मागच्या पानावर उमटलं.

तिसरं नंदगडच्या वाटेवर,
बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात.
दहा दिवस, जेवण धरून सहा हजार.
फोटो नाही.
"जुने कपडे आणावेत" एवढीच सूचना.

माझे बाबा, भरमा मुतगेकर, सेंट्रिंगचं काम करतात.
अनगोळ, मच्छे, पिरनवाडी,
किती स्लॅब त्यांच्या फळ्यांवर ओले निजले
आणि एकवीस दिवसांनी आपल्या पायावर उभे राहिले.
फळ्या काढल्या की त्यांचं काम दिसत नाही.
नकाशा ते उलटा वाचतात सरळ असल्यासारखा,
कारण नकाशा नेहमी इंजिनिअरच्या हातात असतो
आणि ते समोर उभे.

रविवारी चहाची बशी पुण्याच्या काचेवर ठेवून म्हणाले,
"तिथं चुकलं तर पाडून दावतात काय?"
कुठं?
"कुठंबी. मी एकदा जिना पाडलो.
सहावी पायरी पाऊण इंच चढ झालेली.
डोळ्याला दिसंना. खरं म्हातारी माणसं
बरोबर तिथंच ठेचकाळायची."

मग मी फोन लावले.
पुण्याची मुलगी हसली, म्हणाली, सर्टिफिकेट मिळतं.
बंगळूरला आधी बासरी वाजली, बराच वेळ,
मग एकजण म्हणाला, चुकलं तर मागं जाता येतं,
एक बटण दाबलं की झालं.
तिसरीकडं रिंग वाजून वाजून बंद पडली.
परत लावला. कुणीतरी खोकलं,
मागं विटा उतरवल्याचा आवाज.
मी मराठीत विचारलं, बाईंनी कन्नडमध्ये सांगितलं,
"केडवतीवि. मत्त कट्टतीवि."
मला कळलं नसेल म्हणून थांबल्या, मराठी गोळा केली,
"पाडते. परत बांधते. तूच."

असं झालं म्हणून लगेच ठरलं, असं नाही.
शर्वाणी पुण्याला जाणार आहे.
मला ते पांढरे बूट हवे होते,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
तिसऱ्या रेल्वे गेटपाशी सायकल टेकवून
मालगाडीचे अठ्ठेचाळीस डबे मोजले,
आणि गेट उघडल्यावरही उभी राहिले,
मागचा रिक्षावाला ओरडेपर्यंत.

तिसऱ्या अर्जात राज्य विचारलेलं नाही.
मातृभाषाही नाही.
एकच प्रश्न, टाइप केलेला, थोडा तिरका :
तुमच्या चुलीपासून दारापर्यंत किती पावलं?

मी चालले. अकरा.
बाबा चालले. नऊ, आणि म्हणाले, खोली साडेसतरा फूट आहे.
आई आधी नको म्हणाली, मग पदर खोचून चालली.
तेरा.
"हातात तापलेलं पातेलं असलं की पंधरा," दारातनं म्हणाली,
"आणि कोण आलंय ते बगायचं असलं तर
मोजत कोण बसतंय गे."

रकाना एकच आकडा मावेल एवढा.
मी पेन्सिलीनं लिहितेय.